सूर आधी कानाला, मग स्क्रीनला : चौथीच्या वर्गातले संगीताचे तास



मागे एका पालकभेटीला माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई आली होती. घरी छोटा कीबोर्ड घेतलाय, मोबाईलवर तो शिकवणारं ॲप आहे. वरून रंगीत ठोकळे खाली येत राहतात, ठोकळा खाली टेकला की ती पट्टी दाबायची, वेळेवर दाबली की तारे मिळतात. आई म्हणाल्या, "सर, तिला सगळे तारे मिळतात. पण तेच गाणं तोंडानं म्हण म्हटलं की सूर कुठल्या कुठं जातो. मग ती शिकतीय म्हणायचं का नाही?"

प्रश्न साधा होता, पण मला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. कारण त्याच सुमारास माझ्या वर्गातही असंच काहीतरी चाललं होतं, आणि एक चूक तर माझ्याच हातून झाली होती. ती पुढे सांगतो.

आधी एक कबुली. मी संगीत विशारद वगैरे नाही. डी.एड.ला आमचं संगीत म्हणजे परिपाठाची प्रार्थना आणि चार समूहगीतं. पेटी कामापुरती वाजवतो. शाळेला लोकसहभागातून स्मार्ट टीव्ही मिळाला, शनिवारच्या तासिकांना काहीतरी वेगळं करायचं होतं, म्हणून मी संगीताच्या सॉफ्टवेअरकडे वळलो. तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच असणार, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मूल आणि सूर यांच्या मधे जे काही असतं, म्हणजे स्क्रीनवरच्या चौकटी, रंग, बटणं, त्याला संगणकवाले इंटरफेस म्हणतात. शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे. पेटीच्या पट्ट्यांवर सा, रे, ग चे कागद चिकटवून मुलाला बसवलं की तोही इंटरफेसच झाला. आणि कागद काढल्यावर मूल अडतं, हा अनुभव प्रत्येक पेटीवाल्या मास्तरांना आहे. मूल सूर शिकलेलं नसतं, कागद शिकलेलं असतं.

आपल्या इचलकरंजीत बसून हा विषय लिहिताना बाळकृष्णबुवांची आठवण निघणारच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ती गायकी त्यांनी महाराष्ट्रात रुजवली. त्यांच्या पिढीचं शिक्षण तोंडातून कानात. गुरूनं म्हणायचं, शिष्यानं ऐकायचं आणि तसंच्या तसं परत म्हणायचं. मधे वही नाही, फळा नाही. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर हे आपल्या जवळच्या कुरुंदवाडचे, जन्म १८७२. लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्यांचे डोळे अधू झाले, आणि मग ते मिरजेला बुवांकडे गाणं शिकायला गेले. याच पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, संगीताचे वर्ग सुरू केले आणि वर्गासाठी स्वरलिपी तयार केली. ज्याचं स्वतःचं शिक्षण सगळं कानानं झालं, ज्याला नीट दिसत नव्हतं, त्यानं इतरांसाठी सूर कागदावर आणले, हे मला फार विचार करण्यासारखं वाटतं. गुरूसमोर एकटा शिष्य असेल तर कान पुरतो. समोर वर्ग भरला की डोळ्यांची मदत घ्यावी लागते. आपल्याला चाळीस पोरांपुढं हेच करावं लागतं.

पुढे भातखंड्यांची (१८६०–१९३६) स्वरलिपी जास्त प्रचलित झाली, कारण ती वाचायला सोपी आहे. स्वराखाली टिंब दिलं की मंद्र, वर टिंब दिलं की तार. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, म वर उभी रेघ म्हणजे तीव्र. सूर लांबवायचा तर पुढच्या मात्रेच्या जागी नुसती आडवी रेघ. खाली तालाच्या खुणा : समेला गुणिलेसारखी फुली, खालीला शून्य. बघा, किती थोड्या खुणा आणि किती काम! चांगल्या इंटरफेसचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पण ही लिपी असं गृहीत धरते की वाचणाऱ्यानं सा आधी ऐकलेला आहे.

आता सॉफ्टवेअर. मी वापरलं ते गुगलचं क्रोम म्युझिक लॅब. ते २०१६ साली आलं, फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, ब्राउझरमध्ये चालतं. त्यातला साँग मेकर हा भाग २०१८ चा. स्क्रीनवर चौकटींची जाळी असते. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर सूर. चौकटीत बोट लावलं की ती रंगते आणि वाजते. अगदी खाली तालासाठी दोन वेगळ्या ओळी असतात. एवढंच. पाच वर्षांच्या पोरालाही समजावून सांगावं लागत नाही.

आणि तीच अडचण झाली. पहिल्या शनिवारी मी टीव्हीवर जाळी उघडली आणि म्हटलं, बनवा गाणं. एकानं घर काढलं. दुसरीनं फूल काढलं. तिसऱ्यानं स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. वाजवल्यावर जे काही ऐकू आलं त्यावर पोरं खूश होती, कारण चित्र छान दिसत होतं. पाऊण तासात कुणीही एकदासुद्धा "हे ऐकायला बरं वाटत नाही" असं म्हणालं नाही. चित्रकलेचा तास म्हणून उत्तम झाला.

दुसऱ्या शनिवारी मी जास्त हुशारी करायला गेलो. त्या साँग मेकरमध्ये माईकचं बटण आहे. आपण सूर लावला की तो कुठल्या चौकटीत पडतो ते यंत्र दाखवतं. मला वाटलं, वा, आता प्रत्येकाला आपला सूर दिसेल! पेटीवर सा दिला आणि एकेकाला पुढं बोलावलं. आठ-दहा जणांचं ठीक झालं. मग एक मुलगा आला. त्याच्या घराला लागूनच चार माग आहेत, वडील रात्रपाळीला असतात. मागाच्या खोलीत शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, तेव्हा त्या घरातल्या पोरांचा आवाज सवयीनंच वरच्या पट्टीत असतो. त्यानं जोरात सा लावला. चौकट रंगली ती सा च्या दोन घरं वर. सगळा वर्ग हसला. मी त्याला पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा त्यानं तोंडच उघडलं नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस परिपाठालाही तो नुसते ओठ हलवायचा.

चूक सॉफ्टवेअरची नव्हती, माझी होती. नवशिक्याचा सूर चुकणारच. गुरूपुढं चुकतो तेव्हा ती चूक हवेत विरून जाते. मी ती त्रेचाळीस इंचांच्या टीव्हीवर रंगवून सगळ्यांपुढं टांगली होती.

शिवाय ते दाखवणं खरंही नव्हतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं. जाळीत फक्त ठरलेली घरं असतात. मूल दोन घरांच्या मधे कुठंतरी गात असेल, तर यंत्र जवळच्या घरात ढकलून देतं. म्हणजे थोडं बेसूर असलेल्याला पूर्ण शाबासकी आणि थोडं जास्त बेसूर असलेल्याला थेट चुकीचं घर. मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेलं, तर तिथं जिन्याच्या पायऱ्या उमटतात. आपल्या गाण्यातलं अर्धं सौंदर्य ज्या मधल्या जागेत आहे, ती जागाच या चौकटीत नाही. गळ्यासाठी ही जाळी वापरायची नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. तालासाठी मात्र ती फार उपयोगी पडते. त्याची गोष्ट आता सांगतो.

तिसऱ्या वेळी टीव्ही बंदच ठेवला. मी टाळ्यांचा एक नमुना वाजवला : दोन संथ, तीन जलद, पुन्हा दोन संथ, तीन जलद. मुलांना कोरा कागद दिला आणि सांगितलं, उद्या विसरणार नाही असं काहीतरी यावर काढा. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत एमआयटीत शिकवणाऱ्या जीन बॅमबर्गर यांनी मुलांकडून अशी चित्रं काढून घेऊन त्यांचा बारकाईनं अभ्यास केला होता. काही मुलं हाताच्या हालचालीप्रमाणे गट करून काढतात, काही मुलं प्रत्येक टाळीमधलं अंतर मोजून काढतात. दोन्ही बरोबर, फक्त ऐकणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या वर्गातही हुबेहूब हेच दिसलं. बहुतेकांनी दोन मोठे गोळे आणि तीन छोटे गोळे काढले. आणि त्या मुलानं, ज्यानं गाणं सोडलं होतं, त्यानं पट्टी घेऊन आडव्या रेघा मारल्या, घरं पाडली, आणि टाळी असेल तिथं टिंब दिलं, नसेल तिथं घर मोकळं सोडलं.

मी विचारलं, हे कुठं शिकलास? तर म्हणाला, "सर, ह्ये डॉबीच्या पट्टीगत हाय की."

इचलकरंजीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, आणि आज आमच्या वर्गातल्या निम्म्या घरांचा मागाशी काही ना काही संबंध आहे. साध्या कापडाला डॉबी लागत नाही. कापडात नक्षी हवी असेल तर मागावर डॉबी बसवतात. तिच्यात लाकडी पट्ट्यांची साखळी फिरते आणि पट्टीला भोकं असतात. ज्या भोकात खुंटी ठोकलेली, ती वही उचलली जाते. भोक मोकळं असेल तर वही खालीच राहते. धोटा जाईल तशी पुढची पट्टी. शेवटची पट्टी झाली की पुन्हा पहिली. खुंटी कुठं ठोकायची ते आधी चौकटीच्या कागदावर काढून घेतात. म्हणजे आमच्या पोरांच्या घरात आवर्तन होतं, मात्रा होती, भरलेलं घर होतं आणि मोकळं घर होतं. मी मास्तर असून ते मला दिसलं नव्हतं.

मग मी टीव्ही लावला. साँग मेकरची जाळी उघडल्यावर मुळात चार भाग आणि प्रत्येक भागात चार ठोके असतात. चार चोक सोळा, म्हणजे आयता तीनताल! सेटिंगमध्ये ठोक्याचे दोन तुकडे केलेले असतात, तेवढा आकडा एकवर आणला की प्रत्येक मात्रेला एकच घर राहतं. खाली तालाच्या ज्या दोन ओळी आहेत, त्यातली एक बारीक आवाजाची, ती आपला दाया. दुसरी जाड आवाजाची, ती बाया. आता बोल घ्या : धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. धा आणि धिं ला दोन्ही हात. तिं आणि ता ला फक्त दाया.

मुलांनी आधी बोल तोंडानं म्हटले, टाळी-खाली हातानं दिली, पाठ झाल्यावरच एकेकानं येऊन घरं रंगवली. दायाच्या ओळीत सोळाच्या सोळा घरं भरली. बायाच्या ओळीत बाराच भरली. चार मोकळी. वाजवलं. पोरं एकदम गप्प झाली, कारण मधेच जमीन काढून घेतल्यासारखा आवाज हलका होतो आणि परत भरून येतो. खाली म्हणजे काय ते मी तीन वर्षं "इथं हात उलटा करायचा" एवढंच शिकवत होतो. त्या दिवशी ती ऐकू आली.

आणि त्यात एक गंमत निघाली. आपण खालीचा हात देतो नवव्या मात्रेला. पण नववी मात्रा धा आहे, तिथं बाया वाजतो. मोकळी घरं आहेत दहावी ते तेरावी. हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. ते धरलं त्याच डॉबीवाल्या पोरानं. "सर, हात नवव्याला आन् भोक धाव्याला. एक पट्टी मागं-फुडं झालीया." वर्गाला वाटलं आपलं चुकलंय. मग पुन्हा म्हणून बघितलं, पुन्हा रंगवून बघितलं. चुकलेलं नव्हतं. हातानं दाखवलेली खाली आणि तबल्यावर ऐकू येणारी खाली यांच्यात एका मात्रेचा फरक आहे, हे माझ्या वर्गानं स्वतः शोधलं. पुस्तकात शोधायला गेलो असतो तर ठेक्याच्या बोलात ते कायमच लिहिलेलं होतं.

सेटिंगचं अजून थोडं. दादऱ्यासाठी भाग दोन आणि ठोके तीन ठेवा, सहा मात्रा मिळतात. रूपकासाठी ठोके सात ठेवता येतात, पण ३-२-२ ही विभागणी जाळी दाखवत नाही, ती फळ्यावर उभ्या रेघांनी दाखवा. झपतालाचं २-३-२-३ तर या जाळीत बसतच नाही, कारण तिथं सगळे भाग सारखे लागतात. झपताल वहीतच बरा, भातखंड्यांनी सोय करून ठेवलेली आहे. लय सुरुवातीला १२० असते. ती लहान मुलांना फार पळते, ६०-७० वर आणा. आणि सुरांची जाळी दोन सप्तकांची येते, ती एका सप्तकावर आणा, नाहीतर पोरं वरच्या घरांच्या मोहात किंचाळत बसतात.

गळ्यासाठी त्याच लॅबमधला स्पेक्ट्रोग्राम वापरा. त्यात घरं नाहीत, बरोबर-चूक नाही, तारे नाहीत. आवाज केला की स्क्रीनवर रेघा सरकत जातात. शिट्टी वाजवली तर एकच बारीक रेघ. गायलं तर एकावर एक रेघांची चळत. मींड घेतली की सगळी चळत मिळून वाकते. आम्ही मोबाईलवर मागाचा आवाज रेकॉर्ड करून तोही ऐकवला. प्रत्येक खटक्याला खालपासून वरपर्यंत उभा पट्टा उमटला. सुराची आडवी रेघ आणि ठोक्याचा उभा पट्टा, हा फरक पोरांनी न सांगता ओळखला.

आणि हे सगळं बंद करून रोज पाच मिनिटं तानपुरा. बंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला, आता तर तो मोबाईलवर फुकट मिळतो. मोबाईलचा तानपुरा तयार जुळलेला येतो, त्यामुळे तार जुळवताना कानाला जे शिक्षण मिळतं ते मुलांना मिळत नाही, ही त्याची उणीव आहे. आपण नशीबवान, मिरज जवळ आहे. तिथल्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जमलं तर एखादी क्षेत्रभेट तिथल्या कारागिरांकडे काढा, आणि तार पिळताना सूर कसा सरकत सरकत जागेवर येतो ते पोरांना ऐकू द्या. मी यंदा काढणार आहे, बसभाड्याचं जमलं तर.

आता त्या आईंचा प्रश्न. त्यांना मी नंतर घरी करायला एक प्रयोग सांगितला. मुलीनं गाणं वाजवताना मोबाईल उलटा ठेवायचा. आधी आवाज ऐकायचा, मग तोंडानं म्हणायचं, मग पट्टीवर शोधायचं, आणि अडली तरच मोबाईल सुलटा करून बघायचा. ठोकळा बघून पट्टी दाबताना काम होतं डोळ्याचं आणि बोटाचं. गाणं बंद ठेवलं तरी तिला तेवढेच तारे मिळाले असते. आईंनी खरंच तसं करून बघितलं. आवाज शून्य केला, तरी मुलीचा एक तारासुद्धा कमी झाला नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, मग हे कसलं संगीत ओ सर? ॲप टाकून द्या असं मी म्हणत नाही. बोटं वळतात, ठोक्याला पोचायची सवय लागते, तेही काही कमी नाही. पण विकत घ्यायच्या आधी कुठल्याही ॲपची ही परीक्षा घ्या : आवाज बंद करून मूल पहिलं येत असेल, तर तो खेळ डोळ्यांचा आहे.

तो मुलगा तालात सगळ्यांच्या पुढं गेला. पोरं आता त्याच्याकडून घरं तपासून घेतात. गाणं मात्र लगेच परत आलं नाही. दिवाळीनंतर एकदा मधल्या सुट्टीत मी एकटाच वर्गात डबा खात होतो, तर आत आला आणि म्हणाला, "सर, त्यो तानपुरा लावा की." मी लावला. मग टीव्हीकडं बोट दाखवून म्हणाला, "ते बंदच हाय न्हवं?" बंद होता. तरी त्यानं जाऊन वायर काढली, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि सा लावला. लागला नाही. मी काही बोललो नाही, डबा खात राहिलो. तो थांबला, थोडा वेळ नुसतं ऐकलं, आणि आवाज निम्मा करून पुन्हा लावला.